बारा कोरे चौकोन

दिनांक १४ जून, सकाळी सव्वादहा. आमच्या कापड-तपासणी विभागात एकोणीस वर्षे काम केलेल्या एका बाईच्या हाती, तेरा सहकारी स्त्रियांच्या देखत, एक बंद पाकीट ठेवण्यात आले. आतील पत्रात कारण एका शब्दात दिले होते : निष्काळजीपणा. त्या क्षणापासून तिला कामावर येण्यास मनाई झाली आणि लेखी खुलाशासाठी तीस दिवसांची मुदत मिळाली. हा अन्याय होता, अशी माझी तक्रार आहे. नोंद अपुरी राहू नये म्हणून हेही लिहिते, की ते पत्र मीच टंकलिखित केले होते.

मी त्या विभागाची कारकून. हजेरी, रजा, परत आलेला माल आणि पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. माझे शिक्षण या टेबलापेक्षा बरेच जास्त आहे, आणि ते मी कोणाला विसरू दिलेले नाही. म्हणून मला सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. गळका नळ, मंद दिवा, सूचनाफलकावरची अशुद्ध वाक्ये, अशा एकूण एकशे बारा तक्रारी मी त्या दिवसापर्यंत लेखी दिल्या होत्या. त्यांपैकी नऊ मान्य झाल्या.

“मास्तरीणबाई, तक्रार लिहिता लिहिता पेन संपलं, तर त्याची तक्रार कशानं लिहिणार?” असे मला विचारणारी बाई म्हणजे जिला ते पाकीट मिळाले तीच. विभागात तिला ‘घार’ म्हणत. तिचे खरे नाव हजेरीपटावर असे, आणि मला ते रोज लिहावे लागे म्हणून माझ्या लक्षात राहिले. इतरांच्या राहिले असेल असे वाटत नाही.

तिला घार का म्हणत, ते कळायला आमचे काम कळले पाहिजे. विणून आलेले कापड आमच्याकडे एका उतरत्या काचेवरून सरकत जाते. काचेखाली दिवे असतात. तपासणारी बाई समोर उभी राहते आणि तुटका धागा, गाठ, डाग, विरळ पट्टा, जे दिसेल त्या जागी काठाला लाल दोरा बांधते. कापड तिच्या दोन्ही पसरलेल्या हातांइतके रुंद. नवखी बाई या काठापासून त्या काठापर्यंत मान फिरवत राहते, आणि दुपारपर्यंत मान धरते. मुरलेली बाई मान हलवत नाही. ती कापडाच्या मध्यावर नजर ठेवते. काठ तिला डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दिसतात. हे शिकायला तीन-चार वर्षे लागतात आणि काहींना ते कधीच जमत नाही. घारीला ते सहा महिन्यांत जमले. ती पुतळ्यासारखी उभी असे, तोंडाने अखंड बडबड चालू, आणि मध्येच हात झेपावून दूरच्या काठावर दोरा बांधून परत येई. नव्या मुलींना शिकवताना सुपरवायझर म्हणत, “तिच्या मानेकडे बघा. हलते का?”

आता तिच्या दुखण्याविषयी.

ते तिला वयाच्या बाराव्या वर्षी लागले. तिची आई एका धुलाईच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करी. महिन्यातले दोन दिवस ही मुलगी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, धुवायच्या चादरींच्या ढिगाऱ्यावर पाय पोटाशी घेऊन पडलेली असे. आई इस्त्रीवर टॉवेल तापवून तिच्या ओटीपोटावर ठेवी आणि म्हणे, “बाईचा जन्म आहे, बाळा. लग्न झालं की थांबतं.” लग्न झाले, थांबले नाही. मग आई म्हणाली, “मूल झालं की थांबतं.” मुलगी झाली, आता ती अकरा वर्षांची आहे, आणि दुखणे होते तिथेच होते.

“आईचं म्हणणं, नातवंड झालं की नक्की थांबेल,” घार मला एकदा म्हणाली होती.

तशा अवस्थेत ती आठ तास उभी राही. कंबरेला कापडाच्या चिंधीने गरम पाण्याची पिशवी बांधलेली, वरून कामाचा एप्रन, चेहरा पिठासारखा पांढरा. दुखणे असह्य झाले की एक गोळी घेई. ती गोळी लागू पडेपर्यंत कामाचे आठ तास संपत आलेले असत.

माझ्या मान्य झालेल्या नऊ तक्रारींपैकी सातवी तिच्यासाठी होती, जरी अर्जात मी तिचा उल्लेख केला नव्हता. सात वर्षांपूर्वी त्या अर्जावरून विभागाला एक उंच स्टूल मिळाले. नियम असा, की पाळीच्या दिवसांत ज्या बाईला त्रास होईल तिने महिन्यातून दोन दिवस ते आपल्या टेबलाशी घ्यावे आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढच्या त्या महिन्याच्या चौकोनात ‘बै.’ अशी, म्हणजे बैठकीची, खूण करून घ्यावी. बायकांनी त्या स्टुलाला लगेच ‘सिंहासन’ म्हणायला सुरुवात केली. “आज राज्य कोणाचं?” असे सकाळी विचारले जाई. पाच वर्षे, एकही महिना न चुकता, घारीचे राज्य आले आणि गेले.

मग ते यायचे थांबले. माझ्या वहीप्रमाणे तिची शेवटची खूण दोन वर्षांपूर्वीच्या ११ डिसेंबरची आहे.

पहिले दोन महिने ती जरा धास्तावलेली होती. दिवस गेले असतील म्हणून घरी तपासणी करून पाहिली. तसे काही नव्हते. तिसऱ्या महिन्यापासून मात्र ती उड्या मारू लागली.

“काय गं, सिंहासन सोडलंस?” शेजारच्या टेबलावरची विचारी.

“आमची पाहुणी माहेरी गेलीय. परत आली नाही म्हणजे मिळवली!”

“नशीबवान आहेस बाई. आमच्याकडची मेली ठाण मांडून बसलीय.”

चोवीस वर्षे जे दुखत होते ते दुखायचे थांबले, तर कोणती बाई त्याची तक्रार करील? तिची आई म्हणाली, “लवकर सुटलीस. माझंही असंच लवकर गेलं होतं.” आईचे गेले ते पंचेचाळिसाव्या वर्षी, ही पस्तिशीत होती. ती वजाबाकी कोणीच केली नाही. तिने नाही, आईने नाही, आणि जिच्या टेबलावर तिची जन्मतारीख होती त्या मीही नाही.

यानंतर जे घडले, ते लिहिताना माझे अक्षर नेहमीइतके सरळ येत नाही. सुपरवायझर वाईट मनुष्य नाहीत. त्यांना आकडे आवडतात, एवढेच. माझी वही चाळताना त्यांच्या डोक्यात आले, की वर्षभरात ज्या बाईने स्टूल सर्वांत कमी वेळा घेतले तिचा जानेवारीत सत्कार करावा. मी विरोध करायला हवा होता. पण त्यांनी मला विचारले, “मानपत्र तुमच्याशिवाय कोण लिहिणार, मास्तरीणबाई?” आणि मी विरघळले. एकशे बारा तक्रारींनी जे मिळाले नव्हते ते त्या एका वाक्याने दिले : माझ्या भाषेला मान.

घारीच्या नावापुढे बारा कोरे चौकोन होते. मी लिहिले : ‘शारीरिक कुरबुरींना भीक न घालता, सुखासनाचा मोह न धरता, वर्षभर अविचल उभ्या राहिलेल्या आमच्या भगिनीस.’ त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. तिला भिंतीवरचे घड्याळ भेट मिळाले. टाळ्या झाल्या. तिने ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मिरवले, आणि परतताना दाराच्या चौकटीवर तिचा डावा खांदा जोरात आपटला. सगळ्या हसल्या. “घड्याळ मिळालं नि तोल गेला!” कोणीतरी म्हणाले. तीही हसली.

फेब्रुवारीपासून माल परत येऊ लागला. तिने तपासून सोडलेल्या कापडाच्या ताक्यांमध्ये दोष राहू लागले. आधी एक ताका, मग तीन, आणि मे महिन्यात एकदम अकरा. सुपरवायझरनी तिला टेबलाशी जाऊन विचारले, “मधलं सगळं बघतेस आणि काठ सोडतेस? दोन्ही काठ? मान हलवायला काय होतं तुला?”

“एकोणीस वर्षांत हलवली नाही, साहेब. तेव्हा दिसत होतंच की.”

“तेव्हा लक्ष होतं. आता घड्याळ मिळालंय.”

तिने पुढचा ताका काचेवर ओढला. एरवी ती एका वाक्याला तीन वाक्ये परत करी. जूनमध्ये पत्र निघाले. मी ते टंकलिखित केले, दोनदा वाचले, एक स्वल्पविराम सुधारला आणि सहीसाठी पुढे केले.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या; स्वयंपाकघरात ते घड्याळ, त्याखाली मुलीची शाळेची बॅग. ती ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती.

“मी लक्ष देऊनच बघते हो,” ती म्हणाली. “डोकं दुखतं, ते खरं. सारखं दुखतं. पण म्हणून मी काम टाकलं नाही.”

“आपण खुलासा देऊ,” मी म्हटले. “चार पानी देऊ. डोळे उत्तम असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडू. तुझ्या बारा कोऱ्या चौकोनांची नक्कल जोडू. निष्काळजी बाई वर्षभर एकदाही बसत नाही, हा आपला मुद्दा.”

“तुम्ही लिहा. सहीपुरती मी आहेच.” मग हळू आवाजात : “मास्तरीणबाई, मला परत घेतील ना? मला दुसरं काही येत नाही हो. बघणं एवढंच येतं.”

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. घारीने भिंतीवरची अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मी मनात खुलाशाचे दुसरे पान लिहायला घेतले. मग डॉक्टर म्हणाल्या, “डावा डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघत राहा. नजर हलवायची नाही. इकडे किती बोटं आहेत?”

“इकडे म्हणजे कुठं?”

डॉक्टरांचा हात तिच्या उजव्या खांद्यापलीकडे, हवेत, तीन बोटे उघडून उभा होता. मला तो दाराजवळून स्पष्ट दिसत होता. तो समोर यायला लागला, आणि बराच पुढे आल्यावर घार म्हणाली, “हां, तीन!” मग दुसरा डोळा. तिथे डाव्या बाजूला तेच. नंतर एका यंत्रात डोके घालून तिला ठिपके मोजायला लावले. कागद बाहेर आला तो असा : मध्ये पांढरा, दोन्ही कडांना काळा.

दोन्ही काठ, मला वाटले. परत आलेल्या मालाची यादी माझ्या बॅगेत होती. तिच्यातला प्रत्येक दोष काठापासून वीतभर अंतराच्या आत होता. ती यादी मी स्वतः तयार केली होती.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. “डोकं दुखतं?”

“वर्षभर.”

“पाळी शेवटची कधी आली?”

घार हसली. “अहो, डोळे दाखवायला आलेय मी.”

“माहीत आहे. सांगा तरी.”

“आता कसं सांगू? बरेच दिवस झाले. बरंच झालं ते, आधी फार छळायची.”

मी बॅगेतून वहीची नक्कल काढून पुढे केली. “११ डिसेंबर. म्हणजे अठरा महिने.”

डॉक्टरांनी त्या चौकोनांवरून बोट फिरवले. पाच वर्षांच्या भरलेल्या खुणा, मग कोरी रांग. “इतकी चांगली नोंद मी कोणाकडे पाहिली नाही,” त्या म्हणाल्या. “हिच्यावरून तुम्ही आधी कोणाला दाखवलं नाही? हा कागद आज कशासाठी आणलात?”

“ती किती कष्टाळू आहे ते सिद्ध करायला,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ती नक्कल घारीच्या केसपेपरला टाचली.  

मग त्यांनी घारीला विचारले, छातीतून दूध येते का? घारीने मान खाली घातली. एप्रनवर डाग पडतात, ती म्हणाली. वर्षभर ती आत घडी केलेले फडके ठेवत होती. अकरा वर्षांच्या मुलीची आई, कोणाला सांगणार?

डॉक्टरांनी जे समजावले ते मी तिथेच लिहून घेतले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिथे गाठ होऊ शकते. ती बहुधा कर्करोगाची नसते. त्या गाठीमुळे दूध उतरवणारे संप्रेरक नको तेव्हा आणि नको तेवढे तयार होते, आणि त्याने पाळी बंद पडते. गाठ वाढली की वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसांवर दाब येतो, आणि नेमकी दोन्ही बाहेरच्या बाजूंची नजर जाते. माणसाला ते कळत नाही, कारण समोरचे सगळे लख्ख दिसत असते. “रक्त तपासून आणि डोक्याचा एमआरआय करूनच नक्की सांगता येईल. पण आजच मोठ्या रुग्णालयात जा. उद्यावर टाकू नका.”

“डोळे जातील का?” घारीने विचारले. तेवढेच विचारले.

“लवकर उपचार झाले तर पुष्कळदा परत येतात.”

“आणि हे सगळं पाळीवरून कळलं असतं?” मी विचारले.

“पाळी थांबली की दर वेळी एवढं मोठं कारण नसतं. थायरॉईड असतं, वजन एकदम घटलेलं असतं, फार ताण असतो, बीजकोशांचा काही बिघाड असतो. बहुतेकांवर साधे उपाय असतात. पण गरोदर नसताना, अंगावर पाजत नसताना, वय झालेलं नसताना तीन महिने पाळी आली नाही, तर कारण शोधायचं. दुखत नाही म्हणून बरं आहे, असं धरून चालायचं नाही.”

गाठ होती. चिरफाड लागली नाही. आठवड्यातून दोनदा घ्यायची गोळी सुरू झाली. खुलाशाची मुदत संपायला दहा दिवस उरले असताना घार माझ्या घरी आली, खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, “माझ्याकडे बघू नका, खिडकीकडे बघा. आता मी सांगते तुमच्या उजव्या हातात काय आहे.” तिने स्वतः माझ्या कपाळाकडे नजर रोखली होती. “पेन. तक्रार लिहिताय ना?”

मी तक्रारच लिहीत होते. एकशे तेरावी, आणि तोच तिचा खुलासा. चार पानांची झाली होती. तिच्यासोबत डॉक्टरांचा अहवाल, परत आलेल्या मालाची यादी आणि बारा चौकोन जोडले. या वेळी त्यांचा अर्थ खाली स्पष्ट लिहून.

ऑक्टोबरमध्ये एके सकाळी तिचा फोन आला. “आली!” ती ओरडत होती. “मास्तरीणबाई, आली हो! आणि मेली तश्शीच दुखतेय!” ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही.

या वेळी मात्र ती मुकाट्याने पडून राहिली नाही. रुग्णालयाने तिला स्त्रियांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्या वयस्क बाईंनी चोवीस वर्षांची हकिगत शेवटपर्यंत ऐकली. “दुखणं शिगेला गेल्यावर गोळी घेता? ही तर तहान लागल्यावर विहीर खणण्यातली गत. तुम्हाला कोणती चालेल ते मी पोटाचं-मूत्रपिंडाचं विचारून ठरवते. ती दुखायला लागताच, काहीतरी खाऊन, सांगितलेल्या वेळी घ्यायची. शेक चांगलाच आहे, तो चालू ठेवा. त्यानं भागलं नाही तर दुसरे उपाय आहेत.” सोनोग्राफीत काही सापडले नाही, पण तेवढ्यावरून आत काही नाही असे धरता येत नाही, म्हणून पुढची तपासणी चालू आहे. काम थांबवणारे, दर महिन्याला अंथरुणाला खिळवणारे दुखणे हा बाईच्या जन्माचा भाग नव्हे, असे त्या म्हणाल्या. सोबत आलेल्या घारीच्या आईने बाहेर आल्यावर एवढेच विचारले, “मग मला कोणी का नाही सांगितलं?”

खुलाशाचा निकाल डिसेंबरात लागला. घारीला कामावर परत घेतले. नजर जवळजवळ पूर्ण आली आहे. उजव्या वरच्या कोपऱ्यात थोडी धूसर राहिली आहे, तिथे ती आता मान वळवते. नवख्या मुलींसमोर मान वळवताना तिला पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी वाटली नाही. परंतु तिच्या सेवापुस्तकातला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द खोडण्यास नकार मिळाला. एकदा झालेली नोंद काढण्याची पद्धत नाही, असे उत्तर आले. यावर माझी एकशे चौदावी तक्रार प्रलंबित आहे. सत्काराची प्रथा बंद करावी, ही एकशे पंधरावी. सुपरवायझर म्हणाले, “यंदाचं मानपत्र नाही लिहिलंत तरी चालेल, मास्तरीणबाई. पण प्रथेचं वर विचारावं लागेल.”

मी घारीला म्हटले, ते घड्याळ परत कर.

“का? चालतंय ना? घड्याळानं काय केलंय?” ती म्हणाली. तिने त्याच्या खाली एक दिनदर्शिका टांगली आहे. तिच्यावर ती आता स्वतः खुणा करते, आणि मुलीलाही शिकवते आहे.

तो शब्द मी खोडवू शकले नाही. म्हणून ज्यांच्यावर माझ्या कार्यालयाची पद्धत चालत नाही, अशा वाचकांकडे येते. तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या ठिकाणी एखादी बाई दर महिन्याला दुखण्याने वाकत असेल, तर तिला सोसायला शिकवू नका, डॉक्टरकडे न्या. एखादीची पाळी तीन महिने आली नसेल, तर तिला नशीबवान म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. आणि ज्याच्या हाती हजेरीची वही असेल, त्याने कोऱ्या चौकोनासाठी कोणाचा सत्कार करण्याआधी तिच्याजवळ जावे, तिला बाजूला घ्यावे आणि विचारावे, तो कोरा का आहे. मी विचारले नाही. तुम्ही विचारा.